सखुबाईची पुडी

"आणखी काही औषध चालू आहे का? काढा, चूर्ण, झाडपाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय," काळूराम म्हणाला.

शेजारी बसलेली सखुबाई, त्याची बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं तिचं.

पुडी तिने बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून आणली होती. नवऱ्याच्या नकळत चहात घालायची, दारू सुटते, म्हणाला. आणि सुटली की! दहाव्या दिवशी, सोमवारी, काळूरामने बाटली मोरीत ओतली ती कायमची. सखुबाईने देवीला नारळ फोडला.

पण त्याच सोमवारपासून त्याला चक्कर यायला लागली. रेवदंडा-अलिबाग मिनिडोर रिक्षा चालवणारा माणूस, आता रिक्षात बसला की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायचा. फेऱ्या बंद झाल्या. रिक्षा घरामागे ताडपत्रीखाली गेली. घर त्या रिक्षावरच चालत होतं.

रक्त तपासलं, कान तपासले, डोक्याचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. काळूराम मात्र तोंड पाडून म्हणायचा, "डॉक्टर, अजून एखादी टेस्ट असंल तर बघा ना."

एक खरं, दारू सुटल्यापासून माणूस सोन्यासारखा झाला होता. त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर त्यांचा शेजारी सदू बेशुद्ध पडून होता. त्या सोमवारच्या आदल्या रात्री सायकलवरून पडला आणि डोकं आपटलं. काळूराम तपासणीला आला की आधी वर जायचा. सदूच्या बायकोला, भागुबाईला, डबा द्यायचा आणि तासभर सदूच्या पायाशी बसायचा.

"पाठचा भाऊ पन एवढं करीत न्हाय गो," भागुबाई सखुबाईला म्हणायची.

ते ऐकून सखुबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. असल्या माणसाच्या चहात आपण काय कालवलं? चार दिवसांपूर्वी तिने उरलेली पुडी चुलीत टाकली होती. तरी चक्कर थांबेना. म्हणजे विष अंगात भिनलं, हे तिने धरूनच टाकलं.

डॉक्टरांनी फाइल मिटली. "आता तपासायचं काही उरलं नाही. पुन्हा यायची गरज नाही."

बाहेर येऊन काळूराम बाकावर डोकं धरून बसला. सखुबाईचा धीर सुटला. वैदू, पुडी, चहा, एका दमात सगळं सांगून टाकलं तिने.

"मला मारा, घरातून काढा," ती रडत म्हणाली. "पन आत चला, डॉक्टरांना सांगू. उद्या तुमाला काय झालं तर मी कुनाला तोंड दाखवू?"

काळूरामने डोक्यावरचे हात काढले.

"तुझ्या पुडीनं काय झालं न्हाय, सखू. मला चक्कर कदी आलीच न्हाय."

"मग या तपासन्या?"

"हितं सदूपाशी सारखं यायला कायतरी कारन नको?"

जिन्यावरून भागुबाई रिकामा डबा घेऊन उतरत होती. त्याने आवाज खाली आणला.

"सदू आपसुक पडला न्हाय. माझी रिक्षा लागली त्याला. पिऊन व्हतो. थांबलो पन न्हाय."