टाक्यातला नवा जीव

सरांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर सोडला आणि सगळ्या प्रयोगशाळेला हाक मारली. "या रे! आपल्या अकरावीतल्या ऋजुताने नवा जीव शोधलाय!"

ऋजुता कॉम्प्युटरपाशीच उभी राहिली. किल्ल्यावरच्या टाक्यातल्या पाण्यात सापडलेला डीएनए कुठल्याच जिवाणूशी जुळत नाही, हे काल धावत जाऊन तिनेच सरांना सांगितलं होतं. आज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण तो फक्त जिवाणूंशीच ताडून पाहिलाय. सहज म्हणून तिने माणसाचा डीएनए लावून बघितला. तंतोतंत जुळला.

म्हणजे बाटली भरताना कुणाचा तरी उघडा हात पाण्यात गेला होता. कुणाचा? तिने पुरुषांमध्येच असणारं वाय गुणसूत्र शोधलं. त्याचा मागमूसही नव्हता. त्या दिवशी सरांबरोबर किल्ल्यावर गेलेल्यांत मुलगी एकच होती. उकडतंय म्हणून हातमोजे काढून सॅकमध्ये कोंबणारीही तीच.

गप्प बसलं तर आजचा दिवस निभावेल, असं तिला वाटलं. पण संध्याकाळी सर ही बातमी सगळ्या संस्थेला कळवणार होते.

"काय गं, अशी का उभी?" सरांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "चल, बारसं करून टाकू. काय नाव ठेवायचं त्याचं?"

पेढा तिच्या घामेजल्या मुठीत चुरला.

"बारसं झालंय, सर," ती कशीबशी म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वी. माझ्या आजोळी."