अर्धी टाकी

किसनरावांनी पाण्याची टाकी कापली, आणि तीही नळ यायच्या दिवशी. अकोल्यात असलं काम शुद्धीवरचा माणूस करत नाही. नळ येतो आठवड्यातून एकदा. आला की लोक गंज, बादल्या, अगदी तांब्ये-लोटेसुद्धा भरून ठेवतात. आणि हे गृहस्थ अंगणात बसकण मारून करवतीनं चांगल्या टाकीचे दोन भाग करत होते.

आवाज ऐकून त्यांची लेक अपेक्षा बाहेर आली. दिवस भरत आलेले. एक हात कमरेवर, दुसरा दाराच्या चौकटीला.

"बाबा! हे काय करून राह्यले तुमी?"

"तुले पान्यातच पाह्यजे ना लेकरू?" किसनराव मान वर न करता म्हणाले. "परवा जावयासंग फोनवर बोलत होती तू. म्या आयकलं."

हा बाप 'बाळंतपण' हा शब्द तोंडातून काढत नव्हता. "तब्येत बरी हाये ना?" एवढंच विचारायचा, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

"बाबा, ते घरी नसते करायचं. डॉक्टर पाहिजे, सिस्टर पाहिजे, काही झालं तं ऑपरेशनची सोय पाहिजे."

"घरी कोन म्हनते? बाजूच्या गोपालच्या टेम्पोत टाकून दवाखान्यात नेऊ. टाकी आपली, पानी त्याइचं!"

"मी विचारलं बाबा त्यांले. नाही म्हणे. इथं तशी सोय नाही. टेबलावरच होईल."

करवत थांबली. पण टाकी तर कापून झाली होती.

"असं," किसनराव म्हणाले.

डॉक्टरबाईंनी आणखी एक विचारलं होतं, ते अपेक्षानं बापाला सांगितलं नाही. "आत तुमच्याजवळ कोण थांबेल? एक बाईमाणूस चालतं. आई असेल ना?" आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी अमरावतीच्या सासूबाई 'पहिलं बाळंतपण माहेरीच' म्हणून हटून बसल्या. रीत म्हणजे रीत! त्या माहेरात एक तरी बाई उरली आहे का, हे बघायची रीत मात्र कुठं नाही. ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या, गाडीत बसवून दिलं, झालं यांचं काम. नवरा सागर पुण्यात. "तू ठरव ना, मी आहेच," म्हणायचा, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवायचा.

खरं सांगायचं तर पाण्याचं तिला एवढं काही नव्हतं. मोबाइलवर पाण्यातल्या बाळंतपणाचा एक व्हिडिओ होता, तो ती पुन्हा पुन्हा बघायची. कोमट पाण्यात बसलेली बाई, आणि मागून तिला दोन्ही हातांनी धरून बसलेला तिचा माणूस. ते हात पाहिजे होते तिला. त्या खोलीत एकटीनं जायची तिला भयंकर भीती वाटत होती, आणि हे बोलायला घरात कोणी नव्हतं.

किसनराव उठले. शेतातून आणलेल्या ठिबकच्या नळीचा तुकडा उभा चिरला आणि टाकीच्या कापलेल्या काठावर गोल बसवला. "काठ लागते," असं आपल्याशीच म्हणाले. मग अर्धी टाकी ओढत न्हाणीत नेली, नळाचं पाणी सोडलं, चुलीवरची गरम पाण्याची पातेली एकेक करून ओतली, आणि लहान लेकराच्या आंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघितलं. आत उतरताना पाय ठेवायला पाट मांडला.

"बाबा, एवढं पाणी! पुढचा नळ येईस्तोवर आपण प्यायचं काय?"

"मागू कोनाले तरी. आता कापली तं कापली. बस जाऊन. कंबर दुखते ना तुही?"

कंबर दुखते हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती गाऊनसकट पाण्यात उतरली. पोट हलकं झालं, कंबर सैल पडली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आलं. बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज झाला.

"कडी नको लावजो व. मी हाये इथं, दाराकडं पाठ करून."

"हाव, बाबा."

थोडा वेळ गेला.

"थंडं झालं का व पानी?"

"नाई, बाबा."

पुन्हा थोडा वेळ गेला. थंडीचे दिवस, न्हाणीची खिडकी फुटकी. दाराबाहेर किसनराव दोनदा खाकरले.

"दवाखान्यात मले आत घेनार नाईत," ते म्हणाले. "मी इचारून आलो सिस्टरले. बाप चालत नाई म्हने."

अपेक्षानं टाकीचा काठ धरला. बाबा एकटेच तिथं जाऊन, सगळ्या बायांसमोर उभं राहून हे विचारून आले होते.

"पन दारापाशी बसू देतात. तिथून आवाज जाते आत. म्या तेही इचारून घेतलं."

बाहेर स्टूल करकरलं.

"अपेक्षा? थंडं झालं का व?"

पाणी केव्हाचंच गार पडलं होतं. तिचे दात वाजत होते.

"नाई झालं, बाबा," ती म्हणाली. "तुमी इचारत राहा."