नवव्या रिपोर्टची फाइल

मूल हवं म्हणून जोडपं आलं, की फाइल निघायची ती बायकोच्याच नावाने, अशी त्या दवाखान्याची रीत होती. तिच्या फाइलीत आठ रिपोर्ट होते, सगळे उत्तम. आज नववा आला. सासूबाईंनी वरचं सुनेचं नाव वाचलं, खालची लाल रेघ पाहिली आणि भरल्या वेटिंग रूममध्ये मुलाला म्हणाल्या, "बघितलंस? मी म्हणतच होते, खोट हिच्यातच आहे."

नवऱ्याने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

ती उठून काउंटरवर गेली. "ताई, या नवव्या रिपोर्टची वेगळी फाइल काढा."

"कुणाच्या नावाने?"

तिने मागे वळून पाहिलं. "अहो, नमुना तुमचा होता. नाव तुम्ही सांगता, की मी सांगू?"