गेटवरची फुंकर

दारू सुटल्यापासून पुंजाराम पालघरच्या कामगार कचेरीत साहेबांपुढे एकच तुणतुणं वाजवायचा. "दारुड्याच्या शपथेवर जाऊ नका. मीही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललोय. कारखान्याच्या गेटवर यंत्रात फुंकायला लावा. सापडेल त्याला उपचाराला पाठवा, कामावरून काढू नका." साहेबांनी अर्धंच ऐकलं. गेटवर येता-जाता फुंकायची यंत्रं आली, उपचार राहिले. सापडला तो कायमचा बाहेर. पहिल्याच संध्याकाळी तारापूरच्या आपल्या कारखान्यातून सुटताना पुंजारामने रंगाने माखलेले हात नेहमीसारखे स्पिरिटने धुतले, ओल्या ओंजळीत यंत्र धरून ऐटीत फुंकर मारली. दिवा लाल झाला. पुन्हा फुंकलं, पुन्हा लाल. मागची रांग हसली. "वास हाताचा आहे," तो वॉचमनला म्हणाला. "सगळे हेच सांगतात, भाऊ." पुंजारामचा हात हवेत पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबला. "पोरीची शपथ..." वॉचमनने गेटपास काढून घेतला. "शपथेवर जायचं नाय, साहेबांना तुमीच सांगितलंत."