आईच्या पायाखालचा ब्रेक

"मॅडम, हे शर्यतीचे ब्रेक-पॅड घ्या. गाडी जागच्या जागी उभी करतात," गॅरेजवाले दाभोळकर म्हणाले.

"ते तापल्यावर. थंड असताना?" शर्वाणीने पॅडवरून अंगठा फिरवत विचारलं.

"तेव्हा जरा कमी धरतात," दाभोळकरांनी कबूल केलं.

मी, तिचा नवरा, ब्रेकच्या भोकंभोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कवर भाळलो होतो. आमच्या एवढ्या वेगवान गाडीला त्या शोभल्याही असत्या. तिने त्या बाजूला सारून साध्या, जाड डिस्क निवडल्या. पॅड असे घेतले, की पहिल्या दाबाला अलगद धरतील आणि घाटात तापले तरी सोडणार नाहीत. "ट्रॅकवर शेजारी सासूबाई नसतात," ती म्हणाली.

सासूबाई म्हणजे माझी आई. सून कितीही सफाईने चालवू दे, वळण आलं की आई उजव्या पायाने खालची मॅट दाबते. दाबून दाबून तिथे खळगा पडलाय.

रविवारी कुंभार्ली घाट उतरताना वळणापलीकडे ट्रक आडवा उभा होता. मागच्या सीटवर मी डोळे मिटले. गाडी मात्र कसलाही हिसका न देता, पाटावर टेकावं तशी थांबली.

"आई, घाबरलात का?" शर्वाणीने विचारलं.

"कशाला?" आईने शेंग फोडून दाणे सुनेच्या तळहातावर ठेवले.

मी वाकून पुढे पाहिलं. मॅटच्या खळग्यावर नुसत्या चपला होत्या. आई सीटवर मांडी घालून बसली होती.