कोमट जेल

"डावा हात डोक्यावर घ्या, आर्डिस," रेने म्हणाली, आणि आर्डिसने घेतला.

सोनोग्राफीचं जेल कोमट निघालं. थंडगार लागणार म्हणून आर्डिस दात आवळून पडली होती. रोज सकाळी पहिली पेशंट येण्याआधी आपण मशीन स्वतःवर फिरवून बघतो, तेव्हाच जेलही गरम करून ठेवतो, असं रेनेने सांगितलं. तिच्या निळ्या सदऱ्यावर छातीशी अजून ओला डाग होता.

मशीनच्या कडेला रेनेच्या दोन मुलींनी रंगवलेली चित्रं चिकटवली होती. मशीनचा पडदा मात्र तिच्याचकडे वळवलेला. आर्डिसला दिसत होता तो फक्त रेनेचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याचं लक्षण काही ठीक नव्हतं. डोळे लाल, नाक सारखं ओढणं चाललेलं.

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात कुणी कुणाला थेट विचारत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी माणसं आधी हवापाण्याचं बोलतील. म्हणून आर्डिसही आधी बीटच्या काढणीवर बोलली. जमीन यंदा लवकर गोठली, असं म्हणून पाहिलं. रेने नुसतं "हं" म्हणाली. एरवी ही पोर तोंड मिटायची नाही.

छातीतली गाठ आर्डिसला अंघोळीत हाताला लागली होती, आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळत होतं, लाइलचं काय होणार? नवरा बाहेर बाकावर बसला होता, मांडीवर रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा धरून. हातात डबा दिला की तो जागचा हलत नसे. आधी मोजे की आधी बूट, हेही आताशा त्याला सांगावं लागायचं. मूलबाळ नाही. ती गेली की त्याची रवानगी वृद्धाश्रमात, आणि तिथे दिवा मालवला की तो घाबरतो हे कुणाला माहीत असणार?

"घरी कोण असतं तुमच्या?" रेनेने अचानक विचारलं.

"लाइल. आणखी कोण? मी नसले तर तो उपाशी बसून राहील गं. भूक लागल्याचं कळतच नाही त्याला."

रेनेने मान फिरवली. तिचे खांदे हलले. आर्डिसला जे समजायचं ते समजलं.

"वाईट आहे ना?"

"मला सांगता येत नाही. ते डॉक्टरांनीच सांगायचं असतं."

"अगं पोरी, चर्चच्या शाळेत मी शिकवलंय तुला. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

रेनेचा हात थांबला.

"डॉक्टरांना बोलावलं असतं," ती म्हणाली, आणि बोलवायला गेली.

एकटी पडल्या पडल्या आर्डिसने प्रार्थना केली. स्वतःच्या आयुष्यासाठी नव्हे. आधी लाइलला ने, असं तिने देवाला सांगितलं. मग तिची तिलाच लाज वाटली, आणि तरी तिने पुन्हा तेच मागितलं.

डॉक्टर क्विस्टबाईंनी आल्या आल्या पडदा तिच्याकडे वळवला. त्यांच्या मागे रेने भिंतीला टेकून उभी राहिली.

"नीट बघा. आतून सगळी काळी, कडा गुळगुळीत, आणि आडवी पडलेली. नुसती पाण्याची गाठ आहे ही. वाईट गाठ सहसा अशी नसते. ती उभी असते, कडांना काटे फुटलेले असतात, आणि ती मागे सावली पाडते. तुम्ही खुशाल घरी जा."

आर्डिस हमसून हमसून रडली. कपडे चढवून बाहेर आली तेव्हा लाइल डबा धरून तसाच बसलेला. तिने त्याच्या टकलाचा मुका घेतला. त्याने जेवायची वेळ झाली का असं विचारलं, आणि ती हसली.

मग तिला रेने आठवली. आपल्या लाइलसाठी रडली बिचारी, आणि आपण मनात काय काय आणलं. वड्या तिलाच द्यायला हव्यात. लाइलच्या हातातून डबा सोडवून घेऊन ती परत गेली, दारावर टकटक केली आणि दार लोटलं.

मशीनचा पडदा आता दाराकडे वळलेला होता. त्यावर एक गाठ होती. उभी, कडांना काटे फुटलेली, मागे लांब सावली टाकणारी. मशीनचा दांडा डॉक्टर क्विस्टबाईंच्या हातात होता, आणि टेबलावर डावा हात डोक्यावर घेऊन रेने पडली होती.