हात करणारा माणूस

उद्घाटनाची भाषणं चालू असताना सत्यवती रिकामी पाटी दाराशी ठेवून हॉलमध्ये शिरली आणि सरळ बक्षीस मिळालेल्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. मासळी बांधून द्यायच्या पेपरात तो तिनं सकाळी पाहिला होता.

फोटो काळा-पांढरा. थंडीतलं धुकं, त्यात विरघळलेली खाडी. कोपऱ्यात जाळ्याच्या खुंटाला धरून छातीभर पाण्यात उभा असलेला, नखाएवढा माणूस. एक हात वर. खाली नाव होतं, 'निःशब्द'.

"कवा काढलास यो?" तिनं विचारलं.

फोटोशेजारी उभा असलेला फोटोग्राफर प्रणित खूश झाला. "भोगीच्या दिवशी, मावशी. पहाटे फार सुंदर धुकं होतं."

"यो खुंट आमचा हाय. आन यो माजा नवरा. भोगीलाच भरतीत बुडला."

भाषण थांबलं. लोक वळून बघू लागले. प्रणितचा आवाज एकदम खाली आला.

"मला वाटलं, ते हात करतायत."

"हात करत व्हता. तुलाच."

त्यानं मान खाली घातली. त्या सकाळच्या पुढच्या फोटोत नुसता खुंट होता. रिकामेपणामुळं तोही त्याला आवडला होता, पण तो त्यानं कधी कुणाला दाखवला नव्हता.

"हाक आयकू आली व्हती का?"

प्रणित वळून आयोजकांना म्हणाला, "हा फोटो उतरवा."

सत्यवती भिंतीला पाठ लावून फोटोपुढं आडवी उभी राहिली. "हात नाय लावायचा. लोकांना बगू दे."

प्रदर्शन संपेपर्यंत ती रोज आली. मासळी विकून झाली की फोटोशेजारी उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "यो माजा नवरा. बुडत व्हता. आन तो बग, तिकडं बसलाय, तो फोटो काढत व्हता." ना रडायची, ना आवाज चढवायची. लोक आधी फोटोकडं बघत, मग प्रणितकडं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेना.

शेवटच्या संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर त्यानं फोटो भिंतीवरून काढला आणि तिच्यापुढं धरला. "मावशी, तुम्ही घेऊन जा. जाळा, काय हवं ते करा."

तिनं हात पुढं केला नाही. पदर खोचून पाटी उचलली.

"मला कशाला? तूच ठेव. आता पुढं कुठं लावनार, त्यावडं सांग. मी येन."